मुरमावरची हरळी

चितेगावच्या अलीकडं, पैठण रोड
१२ ऑगस्ट

आबा, पाया पडतो.

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही ठेवून देता, म्हून पत्र लिहायला बसलो. सातवीतून शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक कधी लिहिलं नाय. अक्षर लागलं नाय तर नंदीनं अंदाजानं वाचावं.

(नंदे, असं कंसात दिसलं की ते तुझं एकटीचं, आबांना वाचून दाखवायचं नाय. थांबू नको, जराशी खाकर आणि पुढं जा.)

मी संभाजीनगरला आहे. आप्पासाहेब म्हणून एक मोठे शेतकरी आहेत, त्यांनी रोडला लागून लॉन्स काढलंय. लॉन्स म्हंजे लग्नाचं मैदान. इथं रोडच्या दोन्ही अंगाला अशी मैदानंच मैदानं. पाटीवर लॉन्स लिहिलेलं असतं, आत गवताची काडी नसती. पण आमच्या आप्पासाहेबांना खरंखुरं गवत पाह्यजे. तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या पुतणीचं लग्न इथं लागायचंय, तवर स्टेजम्होरचा तुकडा हिरवा करायचा. ते काम माझ्याकडं दिलंय. गवत लागलं तर कायमचा माळी म्हणून ठेवीन म्हणाले. राहायला पत्र्याची खोली आहे.

जमीन मुरमाड. आपल्या माळावरची बरी म्हणायची, एवढी वाईट. पहार मारली की ठिणगी उडती. गोटे वेचले, वरून तळ्यातला गाळ टाकला, शेणखत टाकलं, फळी फिरवली. बियाणं पिशवीत आलंय. बारीक, राजगिऱ्याहून बारीक. पिशवीवर बर्मुडा लिहिलंय. मला आधी वाटलं चड्डी पाठवली का काय. वाळूत कालवून फेकायचं असतं, नायतर वाऱ्यानंच पळतं.

पाणी मारायला सारजाबाई नावाची चितेगावची बाई येती. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "का रं, गवत पेरायचा पगार घेतोस? आमची हयात गवत काढण्यात गेली."

आबा, तुम्ही दारात उभं राहून म्हणाला होता, एक तरी काम तडीला ने, मग ये, तवर उंबऱ्याला पाय लावू नको. मी सोयाबीनची पेरणी अर्धी टाकून निघालो होतो, तुमचं बोलणं रास्तच होतं. त्याच्याआधी पुणं सोडलं, सुरत सोडली, ते बी खरं. पण हे तडीला नेतो. नंदीचं लग्न ठरतंय असं कानावर आलंय. बहिणीच्या लग्नात मला उभं राहू द्या. एवढंच मागणं.

तुमचा
इंद्रजीत

(नंदे, संध्याकाळी रोडनं ट्रक चालले की पायाला मुंग्या येतात. कुठला का असंना, चढून बसावं वाटतं. अजून चढलो नाय.)


३१ ऑगस्ट

आबा, पाया पडतो.

तुमचं उत्तर नाय आलं, पण पत्र फाडलं नाय असं नंदीनं कळवलं. लई झालं.

इथं सगळं ठीक. गणपती बसलेत, लॉन्सवर झालर लावायचं काम जोरात चाललंय. बियाणं टाकून झालं. वरून गोणपाट अंथरलं. सकाळ-संध्याकाळ फवारा मारतो, पाण्याचा जोर लागू देत नाय. आप्पासाहेब येऊन उभे राहतात, चपलेच्या टोकानं गोणपाट उचलून बघतात आणि म्हणतात, "काय रे, झोपलंय का अजून?" मी म्हणतो, "मालक, लेकरू आहे, उठंल."

(नंदे, खरं सांगतो. उठलं नाय. पेरलं त्याच आठवड्यात ढग फुटल्यागत पाऊस झाला. जागेला उतार आहे, खाली मुरूम, पाणी मुरतच नाय. सगळा गाळ, खत, बी वाहून खालच्या कोपऱ्यात कंपाउंडला जाऊन बसलं. वरचे गोटे परत उघडे. एवढे दिवस वेचलेले गोटे जणू परत पेरल्यासारखे. त्या सकाळी मी पिशवी भरली होती. रोडपर्यंत गेलो बी होतो.

सारजाबाई येत होती समोरून. तिनं पिशवी पाह्यली. म्हणाली, "जातोस तर जा. पण तो गाळ पाट्यांनी वर न्यायचाय, तेवढा नेऊन जा. माझ्या एकटीच्यानं व्हायचा नाय."

मग काय, पाटी घेतली. उताराला आडवे दगड लावले, गाळ वर नेला, उरलेलं बी परत टाकलं. हे दुसऱ्यांदाचं आहे. आबांना पहिल्याच पेरणीचं वाटू दे.)

तब्येतीला जपा. कंबर दुखत आसंल तर नंदीला तेल लावायला सांगा.

इंद्रजीत


१८ सप्टेंबर

आबा, पाया पडतो.

उगवलं! सकाळी उन्हं तिरपी पडली की जमिनीवर हिरवी लव दिसती. उभ्यानं बघितलं तर काही नाय, बसून बघितलं की आहे. मी दिवसातून किती वेळा बसतो त्याचा नेम नाय. सारजाबाई म्हणती, "ह्याला बाळंतीण केलंय कुणी."

मुंग्यांनी बरंच बी पळवलं, तिथं टकलं पडलीत. पण बाकी ठीक आहे. पानं नाजूक आहेत, केसावाणी. हे बर्मुडा गवत परदेशातलं असतं, आपल्याकडं नसतं, त्याला वेळ लागतो.

(नंदे, खाकर. आणि हे कुणाच्या बी कानावर जाऊ देऊ नको. ते परदेशातलं नाय. ती हरळी आहे.

मला बी आधी कळलं नव्हतं. आप्पासाहेबांच्या घरच्या ताई गणपतीच्या आधी इथं आल्या, कंपाउंडच्या कडेला वाढलेल्या दूर्वा खुडून नेल्या. आता हे उगवलं तर सारजाबाई खाली वाकली, एक काडी उपटली, दातात धरली आणि लागली हसायला. म्हणाली, "अरे येड्या, ही तीच की. गणपतीच्या डोक्यावर चढली की दूर्वा, आपल्या वावरात शिरली की हरळी, आणि पिशवीत भरून इकली की बर्मुडा." मी दोन्ही शेजारी धरून बघितलं. तीच. पेर तेच, पान तेच.

आता तूच सांग, आबांना कसं सांगू? आपलं नाल्याकडचं वावर हरळीनं खाल्लं. आबांनी तीन उन्हाळे कुदळीनं खणलं, आजोबांनी त्याच्याआधी खणलं. आबांच्या कंबरेचं वाटोळं तिथंच झालं. हरळी शेतात शिरली की दळिद्र घरात शिरलं म्हणायचे. एक काडी बांधावर राहिली म्हणून माझ्या पाठीत चाबकाची मूठ बसलेली तुला आठवत आसंल. आणि मी इथं तीच हरळी पेरतोय, तिला पाणी पाजतोय, तिच्यावर गोणपाट घालतोय. हे ऐकलं तर आबा म्हणतील, काम शोधलं ते बी असलं. म्हून बर्मुडाच राहू दे.)

नंदीचं पक्कं झालं का ते कळवा.

इंद्रजीत


५ ऑक्टोबर

आबा, पाया पडतो.

नंदीचं पत्र आलं. तुम्ही तिला विचारलं म्हणे, "त्याचं गवत केवढं झालं?" मी ती ओळ कितीदा वाचली सांगत नाय.

सांगतो केवढं झालं. स्टेजकडं जायच्या वाटेला दोन्ही अंगानं असं गुबगुबीत आलंय की पाय ठेवला तर घोटा बुडतो. गादीवर चालल्यागत वाटतं. गडद हिरवं, पान आखूड, एकाला एक चिकटून, मधी माती दिसत नाय. लोक गाडी थांबवून फोटो काढतात. आप्पासाहेब पाव्हण्यांना आणून दाखवतात. म्हणतात, "आमच्या इंद्रजीतनं केलं. मुरमावर केलं."

नंदीचं लग्न कार्तिकात धरलंय, जावई बँकेत आहेत, हे वाचून बरं वाटलं. तुम्ही व्हय म्हणा, मी दोन दिवसाची रजा काढून येतो.

तुमचा
इंद्रजीत

(नंदे, वाटेच्या कडेचं ते गवत मी लावलेलं नाय. आप्पासाहेबांना धीर निघाला नाय. ट्रकमधी गुंडाळून आलेली तयार गवताची चादर त्यांनी वाटेच्या दोन्ही बाजूला हातभर रुंद अंथरून घेतली. घोंगडी अंथरल्यागत माणसं अंथरून गेली. ती गुबगुबीत आहे ती. माझी हरळी स्टेजम्होर, मधल्या तुकड्यात. ती आता पसरायला लागलीय, जमिनीला धरून पाय फुटलेत तिला, पण अजून विरळ आहे. महिनाभरात भरंल. आप्पासाहेब परवा बसून बघत होते, उठताना म्हणाले, "लागलं रे." फोटोचं खोटं आहे, पण हे 'लागलं रे' खरं आहे. खोटं थोडंच बोललो. आबांनी पहिल्यांदा विचारलं, त्यांना विरळ आहे असं कसं लिहू?

आणि एक. बऱ्याच दिवसांत ट्रककडं बघितलं नाय.)


१६ ऑक्टोबर

नंदे,

हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, मोनिकाच्या पत्त्यावर टाकतोय. तिच्याच घरी वाच, घरी नेऊ नको. ह्यात कंस नाय, सगळंच तुझं आहे.

आबा इथं येऊन गेले.

तुला हिंगोलीला बियाणं बघायला जातो म्हणाले असतील. ते पाकिटावरचा पत्ता दाखवत दाखवत इथवर आले. मी नव्हतो. आप्पासाहेबांनी मला कन्नडला नेलं होतं, त्यांच्या सासुरवाडीच्या गोठ्यात मंडपाचे जुने खांब पडलेत, ते भरून आणायला. रात्र तिथंच काढावी लागली. सारजाबाई माहेरी गेलेली. इथं दुसरं कुणी नसतंच. आबा दुपारी पोचले, खोलीला कडी होती, ती काढून पिशवी ठेवली आणि गवत बघायला गेले.

मी दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर आलो, आप्पासाहेब मधीच घरी उतरले होते. टेम्पोतून उतरतानाच स्टेजम्होर कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. पाठ बघून ओळखलं. आणि मग जमीन बघितली.

नंदे, मधला तुकडा लाल होता. सगळा. मुरूम मोकळा, खुरप्याच्या रेघा ओढलेल्या, एक काडी नाय. कडेला खडकावर हरळीचे ढीग उन्हात घातलेले, मुळ्या वर करून. ते काम मी ओळखतो. लहानपणापासून बघितलंय.

आबा उठले. एक हात कंबरेवर. म्हणाले, "आलास का. कुठं हिंडतोस कामाची जागा सोडून?"

मी म्हणालो, "मालकासंगं गेलतो."

"बरं." मग खुरपं माझ्याकडं देत म्हणाले, "तुझ्या गवतात हरळी घुसली होती. सगळा तुकडा धरला होता तिनं. म्हून तर तुझं गवत कडंकडंनं राह्यलंय, मधी सरकंना. मालकानं वळखली असती तर हाकलला असता तुला. काढली. एक पेर मागं ठेवलं नाय. काल दुपारपासनं बसलोय."

मी खुरपं घेतलं आणि खालीच बघत राह्यलो. आबांना वाटलं मी त्यांच्या कंबरेकडं बघतोय. म्हणाले, "बघतोस काय. घरी बी दुखतीच की."

मग ते वाटेच्या कडेला गेले आणि त्या चादरीवर हात फिरवला, आपण म्हशीच्या पाठीवर फिरवतो तसा. म्हणाले, "हे मातर झकास लावलंस. नंदीनं वाचलं तवा मला वाटलं फेकतोय. पण पत्रात लिहिलं तसंच निघालं. घोटा बुडतो."

मी म्हणालो, "बरं केलं, आबा. मला एकट्याला झालं नसतं."

दुसरं काय म्हणणार होतो? सांग ना.

मग भाकरी खाल्ल्या. तू बांधून दिलेली कारळाची चटणी होती. आबा लई बोलले. एवढं कधी बोलले नाहीत माझ्याशी. हळदीचं, म्हशीचं, तुझ्या सासरच्यांचं. म्हणाले, "लग्नाला ये. पण पळून आल्यागत येऊ नको, कामाचा माणूस म्हणून ये, रजा घेऊन." जाताना फाट्यावर एसटीत चढले, खिडकीतून म्हणाले, "दिवाळी झाली की व्याह्यांना घेऊन येतो. त्यांना बी बघू दे."

गाडी गेल्यावर मी परत येऊन त्या ढिगापाशी बसलो. काही काड्या पाण्यात भिजवून बघितल्या, परत रोवून बघितल्या. हरळी मरत नाय म्हणतात. आबांच्या हातची मरती.

इंद्रा


२४ ऑक्टोबर

नंदे,

तुझं पत्र मिळालं. रडत लिहिलंस, शाई पसरलीय. तुझा काही दोष नाय. कंसातलं आबांना वाचू नको म्हणून मीच सांगितलं होतं, तू वाचलं नाय. त्यात तुझं काय चुकलं?

आप्पासाहेबांचं विचारलंस. आबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाई आली, जमीन बघून जागच्या जागी थांबली. म्हणाली, "अगं बाई, कुणाचं ढोर शिरलं?"

मी म्हणालो, "ढोर नाय. मीच काढलं."

ती ढिगापाशी गेली, एक मुळी उचलून बघितली. म्हणाली, "ढोर असं काढत नाय आणि तू बी नाय. माझ्या बापाचे ढीग असे असायचे." एवढं बोलून पाण्याची नळी गुंडाळायला लागली. परत त्या विषयाला तोंड लावलं नाय.

आप्पासाहेब आले तवा मी तेच सांगितलं. नीट लागलं नव्हतं, परत टाकणार होतो, म्हून काढलं. ते खाली वाकून मुरूम बघायला लागले. "लागलं होतं रे," म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलं होतं. पुतणीचं लग्न तोंडावर, तुला चेष्टा सुचली?" मी परत पेरतो म्हणालो. ते म्हणाले, "आता थंडी पडंल. उगवंल का ते?" मला माहीत होतं, उगवायचं नाय. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फराळाचा डबा दिला आणि म्हणाले, दिवाळी करून जा. छावणीत एका बेकरीवर काम बघितलंय, आज तिकडं जातोय. काल ट्रक आला, सगळ्या तुकड्यावर चादर अंथरली. आता पत्रात लिहिलं होतं तसं झालंय, सगळीकडं घोटा बुडतो.

तू लिहितेस, आबांना खरं सांगून टाक, नायतर मी सांगते. सांगू नको. माझ्या गळ्याची आण आहे.

तू म्हणतेस आबा राग धरणार नाहीत. ते मला बी माहीत आहे. रागाचं मला भ्या नाय. तूच लिहिलंस ना, एसटीत शेजारच्याला सांगत आले म्हणून, ओट्यावर बसून येईल त्याला सांगतात म्हणून, पोराच्या गवतातली हरळी मी काढली. तू लिहिलंस की दोन घास जास्तीचे खातात. आता त्यांना सांगायचं की जे काढलं तेच पोराचं होतं? मग ते त्यांचे हात कुठं ठेवतील? मला सांग, कुठं ठेवतील?

आणि गप्प बी राहता येत नाय. ते व्याह्यांना घेऊन यायला निघालेत. इथं आले तर आप्पासाहेब सगळं सांगतील, ते काही वाईट म्हणून नाय, सहज सांगतील. म्हून त्यांनी इकडं येऊच नये असं लिहितोय. सोबतच्या पाकिटातलं पत्र आबांचं आहे. जसं आहे तसं वाच. मधी थांबू नको, खाकरू नको, रडू नको. ते काही बोलले तर बोलू दे. 'व्हय' म्हण.

तुझ्या लग्नाला माझी वाट बघू नको. शिवराजदादाला करवला म्हणून उभा कर, तो चुलत असला तरी थोरला आहे. नवरदेव बरा आहे ना? पत्रात त्याचं काहीच लिहिलं नाहीस.

इंद्रा


२४ ऑक्टोबर

आबा, पाया पडतो.

तुम्ही व्याह्यांना घेऊन इकडं येणार होता, म्हून घाईनं लिहितोय. येऊ नका. मी तिथं नाय. ते काम सोडलं.

आप्पासाहेबांनी काढलं नाय. ते लई चांगले आहेत, राह्य म्हणत होते. मालकाला फोन करून विचारू नका, त्यांना उगाच वाईट वाटंल. मीच सोडलं. सध्या शहरातच, छावणी भागात एका बेकरीवर आहे. पाव भाजायच्या भट्टीवर. इथं बी किती दिवस टिकंन सांगता येत नाय.

तुम्ही म्हणाला होता ते मला ध्यानात आहे. म्हून मी लग्नाला येत नाय. तुम्ही व्याह्यांना काय सांगायचं ते सांगा, पोरगा लांब कामाला आहे म्हणा, रजा मिळाली नाय म्हणा. नाय तर खरंच सांगा, पोरगा तसलाच आहे.

तुम्ही एवढ्या लांब आला, कंबर दुखत असताना बसला, सगळा तुकडा साफ करून दिला, त्याचं मी काही चीज केलं नाय. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या कामात काही कमी नव्हतं. गवत चांगलं आलंय. मी निघालो त्या दिवशी सगळीकडं पसरलं होतं, मधल्या तुकड्यात बी, तुम्ही हरळी काढली म्हून. पुतणीचं लग्न थाटात होईल.

माझंच मन लागंना.

इंद्रजीत